डांबराचा सातबारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात केशवानंद भारती खटल्यावर आणि राज्यघटनेच्या मूलभूत संरचनेवर, म्हणजे संसदेलाही मोडता येत नाही अशा घटनेच्या गाभ्यावर, आपण अर्धं पान खर्ची घातलंत. लेखक विद्वान आहेत, वाद नाही. तेरा न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६ असा निकाल, वकील पालखीवालांचा युक्तिवाद, संघराज्य, धर्मनिरपेक्षता, न्यायालयीन पुनर्विलोकन, सगळं जागच्या जागी. फक्त हे प्रकरण कोर्टात मुळात गेलं कशावरून, तेवढं सांगायचं राहिलं. जमिनीवरून! केरळच्या जमीन सुधारणा कायद्यात एडनीर मठाच्या जमिनी जात होत्या, म्हणून मठाचे प्रमुख केशवानंद भारतींनी कोर्टाची पायरी चढली. २४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला. घटना बचावली म्हणतात, खरंच आहे ते. पण केरळचे ते कायदे नवव्या परिशिष्टात, म्हणजे कोर्टातल्या आव्हानापासून कायद्यांना संरक्षण देणाऱ्या यादीत, घालणारी २९वी घटनादुरुस्ती त्याच निकालात वैध ठरली. आणि ज्यांच्या एका मताने पारडं फिरलं, त्या न्या. खन्नांनीच लिहून ठेवलं की मालमत्तेचा हक्क मूलभूत संरचनेत येत नाही. पुढे १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतूनही काढला आणि कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढंच सांगणाऱ्या ३००-अ कलमात नेऊन बसवला. लेखात याची ओळसुद्धा नाही. इमारतीचे खांब मोजून झाले, बाहेर कोण उभं राहिलं ते पाहायला लेखकांना सवड झाली नसावी.

मला जमीनदारांचा कळवळा आहे असं कोणी समजू नये. आमचे आजोबा कूळ होते. कुळांना जमिनीचे मालक करणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला नसता तर आमच्या घराण्याच्या नावावर वीतभर जमीन झाली नसती. तेव्हा मालकाचा हक्क कमी करणाऱ्या कायद्याचंच आम्ही खातो. पण तो कायदा होता. त्याला नोटिसा होत्या, सुनावण्या होत्या, मालकाला द्यायची किंमत ठरत होती, हप्ते होते. आजोबांनी भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या अजून आमच्या ट्रंकेत आहेत.

आता माझी गोष्ट. गावच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. जेसीबी आला त्या दिवशी मी तालुक्याला होतो. परत येऊन बघतो तर बांध गायब, बांधावरच्या दोन बाभळी गायब, हद्दीचा दगड चारीत आडवा पडलेला. नोटीस नाही, मोजणी नाही, पंचनामा नाही. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, “काका, रस्ता तुमच्याच सोयीचा हाय की.” कचेरीत गेलो. पहिल्या टेबलावर कळलं की रस्ता पूर्वीपासून एवढाच रुंद होता, आम्ही फक्त डांबर टाकलं. दुसऱ्या टेबलावर कळलं की मीच संमतीपत्र दिलं असणार. दाखवा म्हटलं, तर फाईल मोजणीच्या कामासाठी गेली आहे. दोन टेबलांमध्ये अंतर चार फुटांचं असेल. एकाच रस्त्याची दोन कारणं तेवढ्यात तयार!

सातबारा आजही माझ्या नावावर आहे. त्यातल्या सहा गुंठ्यांवरून रोज एसटी जाते, सारा मात्र मीच भरतो. ई-पीक पाहणीला, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवताना, तर गंमतच झाली. ॲप म्हणतं, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढा. पूर्ण क्षेत्र तूर लावली म्हणून टाकलं तर खोटी नोंद; कमी टाकलं तर उरलेलं क्षेत्र पडीक का, ते सांगा. पिकांची यादी मी शेवटपर्यंत खाली सरकवून पाहिली. डांबर त्यात नाही.

तालुका कोर्टात वकिली करणाऱ्या भाच्याने काही निकाल काढून दिले, ते आपल्या लेखकांनाही पाठवावेत ही विनंती. हिमाचलात १९६७-६८ च्या सुमारास एका निरक्षर विधवेच्या जमिनीतून रस्ता काढला, भरपाई दिली नाही. आणि कोर्टात सरकार काय म्हणालं, तर इतकी वर्षं ताबा आमचाच आहे, सबब जमीन आमची. नागरिकाच्या जमिनीवर सरकारनेच विरुद्ध कब्जा सांगायचा! सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे म्हणणं फेटाळलं, तोवर बाई ऐंशीच्या झाल्या होत्या. आपल्या ठाणे जिल्ह्यात १९६४ च्या अधिसूचनेवर गेलेल्या जमिनींसाठी शेतकऱ्यांना २०१२ पर्यंत भांडावं लागलं. २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने तर ३००-अ मध्ये काय काय येतं त्याच्या सात बाबीच सांगितल्या: आधी नोटीस, हरकत ऐकणं, कारणासह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, योग्य भरपाई, मग वेळेत प्रक्रिया आणि तिचा शेवट. सार्वजनिक प्रयोजन मला मान्य आहे. रस्ता हवाच होता, पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवरून न्यावं लागायचं. बाकीच्या सहा बाबी आमच्या शिवारात अजून पोचलेल्या नाहीत.

घटनेवर लेख जरूर छापा. पण ३६८ कलमातल्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालून कोर्टाने संसदेचे हात बांधले म्हणून टाळ्या वाजवताना जेसीबीवाल्याचे हात कोणत्या कलमाने बांधायचे, तेही एकदा कुणाकडून लिहून घ्या. आमच्यासारख्यांचा संसदेशी संबंध पाच वर्षांतून एकदा येतो.

जाता जाता आणखी एक. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचना दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. अशा नोटिसा आपल्याही अंकात येतात, मागच्या पानांवर, कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली. गटनंबर वाचायला मला नातवाच्या मोबाईलचा कॅमेरा लावावा लागतो. जाहिरातीचे पैसे सरकारकडून तुम्हाला मिळतातच. अक्षर थोडं मोठं केलंत तर शेतकऱ्याला आपली जमीन जाते आहे हे निदान जाण्याआधी कळेल. शिवाय आमच्याकडे अंक सकाळच्या एसटीने येतो आणि पुरवणी बऱ्याचदा स्टँडवरच राहते. वितरण विभागाला दोनदा कळवलं, उत्तर नाही.

कृपया माझं नाव व गाव छापू नये. मोजणीची तारीख अजून मिळायची आहे.

आपला,
एक खातेदार वाचक