परमवीर जगतातही

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला युद्धपटांवरचा लेख वाचला. पडद्यावरच्या जवानात देशाचा स्वभाव दिसतो, असं लेखकमहाशय म्हणतात. म्हणजे आपला स्वभाव आरडाओरड्याचा आणि इंटरव्हलनंतर मरण्याचा! ‘बॉर्डर’चं एवढं कौतुक करताना जरा चौकशी करायची होती. तो सिनेमा ज्यावर बेतलाय त्या 1971 सालच्या लढाईत, राजस्थानातल्या लोंगेवालात, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींचे दोनच जवान गेले. समोर पाकिस्तानचे रणगाडे, आपली जेमतेम एक कंपनी. सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं येईपर्यंत त्यांनी ठाणंही राखलं आणि माणसंही. सिनेमात मात्र धडाधड मरतात. रडल्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत ना.

माझे वडील बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. एका शाळेने कारगिल विजय दिनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. निवेदिकाबाईंचा पहिलाच प्रश्न, “काका, तुम्ही किती शत्रू मारले?” ते म्हणाले, आमचं काम सुरुंग काढायचं. पालथं पडून, संगिनीने माती चाचपत पुढे सरकायचं... नुकते कुठे रंगात येत होते, तोवर “धन्यवाद काका” झालं आणि सिनेमातलं गाणं लागलं. मुलं नाचली. वडील शाल-नारळ सांभाळत बसून राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “राणेसाहेब असते तरी यांनी असंच बसवलं असतं.”

राणेसाहेब म्हणजे रामा राघोबा राणे, तेही बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल 1948, जम्मूतला नौशेरा ते राजौरीचा रस्ता. मांडीला जखम, वरून गोळीबार, आणि हा माणूस सुरुंग काढतोय, आडवी पाडलेली झाडं हटवतोय, रणगाड्याखालून सरपटत पुढे जातोय. परमवीर चक्र मिळालं आणि त्यानंतर 1994 पर्यंत जगले. पानभर लेखात त्यांच्यावर एक ओळ नाही. असणार तरी कशी? संवाद कुठे होते त्यांच्या तोंडी!

आणि सिनेमातला तो मराठी जवान! एकदा गणपतीचं नाव घेतो, एकदा आईची आठवण काढतो, की संपला. लेखकांना त्यातही ‘एकात्मता’ दिसली. धन्य आहे.

जाता जाता आणखी एक. वडील गेले. आता आई दर नोव्हेंबरात फॅमिली पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांगेत उभी राहते. तिथे बसायला साधं बाकडंही नाही. त्यावर पुरवणीत अर्धं पान मिळेल का?

– एका सॅपरची लेक, सातारा