तान्ह्या पोळ्याची वेशभूषा संध्याकाळ: सभासदांना सूचना

नमस्कार मंडळी,
तान्ह्या पोळ्याला सायंकाळी 6 वाजता नेहमीच्या सभागृहात जमायचं आहे. त्या दिवशी पोरं नटूनथटून लाकडी नंदीबैल मिरवतात. संध्याकाळी सजायची पाळी मोठ्यांची.

कोणी काय घालावं हे समिती ठरवणार नाही. आपल्या खडी गंमतीत, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्यात, पुरुष स्त्रीभूमिका करत आले, ते प्रेक्षकांसाठी. पण एखाद्यासाठी नऊवारी किंवा फेटा हे सोंग नसतं, तेच त्याचं खरं रूप असतं. सर्वोच्च न्यायालयानेही 15 एप्रिल 2014 च्या नालसा (तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबतच्या) निकालात पोशाखातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा घटनेच्या कलम 19(1)(अ) खालचा हक्क मानला आहे. म्हणून कृपया "हे काय घातलं?" असं कोणालाही विचारू नका. मला ही गोष्ट बाकी सगळ्या तयारीपेक्षा मोठी वाटते.

मुखवटा काढायचा आग्रह नको. फोटो विचारूनच काढा आणि ग्रुपवर टाकण्याआधी पुन्हा विचारा. काहींच्या घरी त्यांच्या या ओळखीबद्दल अजून माहीत नसतं. कुठल्याही जातीची, समाजाची टिंगल करणारा वेश मात्र चालणार नाही.

उकाडा असेल, मुखवट्याला नाकाशी मोठी भोकं ठेवा. कपडे बदलायची खोली 5 पासून उघडी राहील.