सत्तर हजारांची ताडपत्री

लेथब्रिज, अल्बर्टा
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. आजीलाही.

एक दिवसाआड फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर तू ‘जेवलास का’ विचारतेस, आप्पा ‘तब्येत सांभाळ’ म्हणून फोन आजीकडे देतात आणि सांगायचं ते राहून जातं. उद्या इथे सुट्टी आहे, म्हणून आज निवांत बसलोय. वहिनी, आजीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचा. आणि शेवटचा भाग गाळू नका, पत्र त्याच्यासाठीच लिहितोय.

आधी खुशाली. माझी तब्येत उत्तम आहे. खोकला गेला. स्वयंपाक घरीच करतो, ज्वारीचं पीठ कॅल्गरीहून आणतो. नोकरी व्यवस्थित चालू आहे. थंडी अजून सोसण्यासारखी आहे आणि जॅकेट चांगलं जाड आहे, आई, तू पाहिलंयस ते.

आता मामांचं बोलणं. बारशात सगळ्यांसमोर ते म्हणाले म्हणे, ‘एवढा शिकून पोरगा तिकडे टेम्पोच चालवतो होय?’ आई, तू हसत सांगितलंस, पण तुझा आवाज मला कळतो. मी टेम्पो चालवत नाही. व्हिडिओ कॉलवर दिसली ती माझी स्वतःची गाडी आहे, फोर्डचा एफ-१५० पिकअप, २०१६ चा, सेकंडहँड. कामासाठी घेतलाय आणि कंपनी किलोमीटरमागे भत्ता देते. आणि चालवत असतो टेम्पो, तरी त्यात मान खाली घालण्यासारखं काय होतं? पिकअपच्या भाड्यावर माझी चार वर्षांची फी भरली आप्पांनी. मामांना हे माहीत आहे.

काम काय ते आप्पांना लगेच कळेल. कॅनडात जेवढी जमीन ओलिताखाली आहे, तिच्यातली साधारण सत्तर टक्के एकट्या अल्बर्टात आहे आणि तीही या दक्षिण भागात. पाऊस कमी, डोंगरातल्या बर्फाचं पाणी कालव्यानं येतं. १६० एकरांचा एक चौकोन, त्याच्या मध्यावर खांब, आणि चाकांवर उभी असलेली लांब पाइप त्याभोवती गोल फिरत पाणी देते. याला पिव्हट म्हणतात. एका फेरीत सुमारे १३० एकर भिजतात. ही यंत्रं किती पाणी ओढतात, जमिनीत ओल कुठवर गेली, ते मोजायचं आणि बिघडलेलं दुरुस्त करायचं, हे माझं काम. मातीचे रस्ते सरळ रेषेत आखलेले, दर एक-दोन मैलांवर एक. दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर सहज होतात. छोट्या कारमध्ये गिअरबॉक्स आणि चाकं कुठे घालणार?

आप्पा, इथली एक गोष्ट मात्र मला पहिलं वर्षभर उमगली नव्हती. इथे पिकअप सगळ्यांकडे. बँकेतला माणूस, शाळेतल्या बाई, सगळे पिकअपनेच येतात. हौदा रिकामा. कांदा नाही, कॅरेट नाही, साधी घमेली सुद्धा नाही. आणि त्या रिकाम्या हौद्यावर पक्कं, कुलूपबंद झाकण! त्याला टॉनो कव्हर म्हणतात. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ पिंप. आपल्याकडे माल भरला की ताडपत्री पडते, माल उतरला की घडी होऊन सीटमागे जाते. इथे ती बाराही महिने गाडीवर. मला वाटायचं, झाकायचं काय आहे?

मग एक हिवाळा काढला तेव्हा कळलं. उघड्या हौद्यात बर्फ भरतो, दुपारी थोडा वितळतो, रात्री त्याची लादी होते. फावड्यानं फोडावी लागते. शिवाय पिकअपचं सगळं वजन पुढे, इंजिनावर. मागचा भाग रिकामा असला की बर्फावर मागची चाकं पकड धरत नाहीत आणि गाडीचं शेपूट बाजूला सरकतं. म्हणून इथले लोक हिवाळ्याच्या तोंडावर दुकानातून वाळू विकत आणतात. हो, वाळू. पंचवीस-तीस किलोच्या लांबट पिशव्या. चार-पाच पिशव्या बरोबर मागच्या आसाच्या वर ठेवायच्या, फाळक्याजवळ नाही, आणि सरकू नयेत म्हणून पट्ट्यानं बांधायच्या. गाडी अडकली तर त्यातलीच वाळू चाकाखाली टाकायची. उघड्यावर ठेवली तर वाळू भिजून दगड होते, झाकणाखाली कोरडी राहते. म्हणजे रिकाम्या हौद्यावर झाकण, आणि झाकणाखाली वाळू. आजीला हे दोनदा सांगा, पहिल्यांदा तिचा विश्वास बसणार नाही. आई, ‘गाडी बर्फात घसरते का रे’ असं तू दर फोनला विचारतेस, त्याचंही उत्तर यातच आलं. वाळू आणून ठेवली आहे. हिवाळ्याचे टायर याच आठवड्यात बसतील.

गाडी घेतली तेव्हा तिच्यावर मऊ, गुंडाळायचं झाकण होतं, रेक्झिनसारख्या कापडाचं. सप्टेंबरात फोर्ट मॅक्लाउडजवळून येत होतो. त्या पट्ट्यात डोंगरावरून वारा सुटतो आणि ताशी शंभर किलोमीटरचे झोत येतात. रिकामे उंच ट्रेलर आडवे पडतात तिथे. माझ्या झाकणाची पुढची कड उचलली गेली. आधी फडफड ऐकू आली, मग फाटल्याचा आवाज. गाडी बाजूला घेईपर्यंत अर्धं कापड मागे लोंबत होतं आणि वरून पाऊस. हौद्यात पाणी मोजायचं यंत्र होतं, कंपनीचं, त्याच्या पेटीत पाणी गेलं. मी जॅकेट काढून पेटीवर टाकलं. (खोकला त्यातूनच आला होता, आई. तेव्हा सांगितलं नाही. आता बरा आहे.) यंत्र वाळवल्यावर चालू झालं, पण ती रात्र माझी कशी गेली ते मलाच माहीत.

तेव्हा तुम्ही डोळ्यांसमोर आलात, आप्पा. पिंपळगावला टोमॅटो घेऊन निघायचो तेव्हा तुम्ही पहिल्यांदा पुढची कड बघायचात. ‘वारा तोंडाकडून येतो, पुढची कड दाबलेली असली तर मागचं आपोआप राहतं,’ म्हणायचात आणि केबिनमागचा दोर स्वतः आवळायचात, ती गाठ दुसऱ्या कुणाला मारू द्यायचा नाहीत. मी हे लहानपणापासून बघितलेलं, आणि इथे गाडी घेतल्यावर पुढची कड एकदाही चाचपली नव्हती.

नवं झाकण घ्यायला तीन आठवडे लावले. घाईनं घेतलं नाही, हे मुद्दाम सांगतोय. मऊ झाकण सगळ्यात स्वस्त, चारशे डॉलरच्या आत मिळतं, पण उणे तीस अंशांत ते कापड आखडतं, कडेला ओढून बसवता येत नाही, आणि वाऱ्याचं तर पाहिलंच होतं. दुसरं अखंड फायबरचं, बॉनेटसारखं वर उघडणारं. दिसायला देखणं, पण काढायला दोन माणसं लागतात, आणि मला कधी पिव्हटची दोन चाकं एकावर एक ठेवावी लागतात, ती हौद्याच्या वर येतात. तिसरं शटरसारखं आत सरकणारं. हे मनात भरलं होतं. पण त्याची पेटी हौद्यातली फूटभर जागा खाते, तिचं पाणी बारीक नळ्यांतून खाली जातं आणि त्या नळ्या थंडीत गोठतात. किंमतही दोन हजारांच्या वर. ते सोडलं.

घेतलं ते तीन घड्यांचं कडक झाकण. घड्या घालून पुढे केबिनमागे रचता येतं, म्हणजे उंच सामान असलं तरी अडत नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचंही मिळत होतं, पण गारांनी त्याला पोचे पडतात, म्हणून फायबरच्या फळ्यांचं घेतलं. गारा इथेही पडतात. १३ जून २०२० ला कॅल्गरीच्या ईशान्य भागात अशा पडल्या की घरांच्या भिंतींचं आवरण चाळणीसारखं झालं, विम्याचं नुकसान शंभर कोटी डॉलरच्या वर गेलं. ऑफिसात अजून त्याच्या गोष्टी निघतात. मी त्यांना २०१४ च्या मार्चचं सांगितलं, आपली बाग सांगितली. घडावरचा एक मणी राहिला नव्हता, हे त्यांना नीट कळलं की नाही कोण जाणे.

फळ्यांवर बर्फ साचला तर चालतो, सगळीकडे सारखा पसरला असला तर १८० किलोपर्यंत. भोक कुठेही पाडावं लागलं नाही. २०१५ पासून या गाडीचा हौदाच ॲल्युमिनियमचा आहे, लोहचुंबक चिकटत नाही, आणि त्याला भोक पाडायचं माझ्या जिवावर आलं असतं. आतून शिकंजे लावून पान्यानं आवळायचे, पाऊण तासात काम झालं. मापात मात्र पहिल्यांदा चुकलो. फाळका उघडा ठेवून माप घेतलं होतं. दुकानातला म्हातारा माणूस म्हणाला, फाळका लाव, आतून मोज, पुढच्या भिंतीपासून फाळक्याच्या आतल्या बाजूपर्यंत. ७८.९ इंच निघालं, म्हणजे साडेसहा फुटी हौदा. साडेपाच फुटीचं आणलं असतं तर परत करण्यात आठवडा गेला असता.

पाणी शंभर टक्के अडवेल असं कुठलंच झाकण नाही, दुकानदारानेही तसं कबूल केलं. पण खरा त्रास पाण्याचा नाहीच, धुळीचा आहे. मातीच्या रस्त्यावर गाडी पळाली की तिच्या मागे हवा विरळ होते आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. वरून कितीही बंद करा, धूळ मागून येते. म्हणून फाळक्याच्या कडांना रबराची पोकळ पट्टी लावली. वीस-पंचवीस डॉलरची ती पट्टी, पण सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. आणि बसवून झाल्यावर पुढची कड मी दोन्ही हातांनी उचलून बघितली, आप्पा. हलत नाही. आता रोज सकाळी निघताना बघतो.

आता जे सांगायला बसलो ते. झाकणाला ११५० डॉलर पडले. आपल्या पैशात सत्तर हजार. मंगल कार्यालयासाठी मी दीड लाख पाठवतो म्हणालो होतो आणि आले ऐंशी हजार. ‘बँकेचं काही तरी झालंय’ असं मी फोनवर म्हणालो, ते खरं नव्हतं. ते पैसे या झाकणात गेले. यंत्र पुन्हा भिजलं असतं तर नोकरीवर आलं असतं, आणि थांबावं तर हिवाळा दारात उभा, म्हणून तेव्हाच घेतलं. पण आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, निदान खरं सांगायला हवं होतं. उरलेले पैसे आप्पांनी मामांकडून हातउसने आणले, हे मला वहिनींकडून कळलं. वहिनींवर रागावू नका, मीच खोदून विचारलं. बारशात मामा तसं का बोलले तेही तेव्हा कळलं. आप्पा, तुम्ही आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, आणि माझ्यामुळे तुम्हाला तिथे बसून ऐकून घ्यावं लागलं. १५ नोव्हेंबरच्या आत सत्तर हजार तुमच्या खात्यावर येतील. आल्या दिवशी मामांकडे नेऊन द्या, मी यायची वाट बघू नका.

छोटीच्या लग्नाला येतोय हे नक्की. तिकीट काढलंय, तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली. साखरपुड्याला नव्हतो, कारण जूनमध्ये इथे सगळी यंत्रं चालू असतात आणि रजा मिळतच नाही. छोटी अजून त्यावरून माझ्याशी तुटक बोलते. तिला म्हणावं, हळदीच्या चार दिवस आधी येतो, मांडवाचे खांबही मीच रोवतो. दिवाळीला मात्र नाही, आई. फराळ पाठवण्याचा खर्च करू नको. चकल्या तेवढ्या लग्नापर्यंत ठेव.

ओझरच्या स्थळाला अजून हो म्हणू नको. नाहीही म्हणू नको. मुलगी चांगली असेल, पण इथे कसं राहावं लागतं, सहा महिने थंडी, दिवसभर मी बाहेर, हे मला तिला समोर बसून सांगायचं आहे. तेवढं होईपर्यंत थांबा. लग्नाच्या गडबडीत एक दिवस त्यासाठी काढू.

आप्पा, एक काम आहे. आपल्या पिकअपच्या फाळक्याच्या खालच्या कडेचं आणि दोन्ही बाजूंचं माप घेऊन वहिनींकडून पाठवा. फाळका लावून, आतून. रबराची पट्टी मी येताना घेऊन येतो, वजनाला काहीच नाही.

तुमचा धाकटा