वृद्धाश्रम बदलताना शेवटच्या डोसची वेळही लिहा

महोदय,

वृद्धाश्रम बंद पडला किंवा इमारत दुरुस्तीला काढली, की तिथल्या रहिवाशांना दुसरीकडे हलवावे लागते. चर्चा होते ती नोटिशीच्या मुदतीची आणि शुल्काची. घोळ मात्र प्रत्यक्ष हलवण्याच्या दिवशी होतात.

सर्वांत मोठा घोळ औषधांचा. यादी पोचते, पण शेवटचा डोस किती वाजता दिला हे तिच्यावर नसते. पार्किन्सनच्या रुग्णाची लेव्होडोपा प्रवासाच्या गडबडीत लांबली, तर अंग ताठरते, गिळणे अवघड होते. आणि नव्या कर्मचाऱ्यांना वाटते, माणूस मुळातच असा आहे. फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाची त्वचेवर चिकटवायची पट्टी अनेकदा पाठीवर, कपड्याखाली असते. ती न पाहता दुसरी लावली, तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. पट्टीची जागा व तारीख, इन्सुलिनची वेळ, कॅथेटर (लघवीची नळी) कधी बदलला, गिळायला त्रास असल्याने पाणी दाट करून द्यायचे का, हे सगळे एका कागदावर हवे. तो कागद आणि आठवड्याची औषधे सोबत्याच्या हातात द्यावीत, सामानाच्या गाडीत टाकू नयेत.

हलवायचे ते सकाळी, आठवड्याच्या सुरुवातीला. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पोचलेल्यांच्या वाट्याला अपुरी रात्रपाळी येते.

पलंग जुन्या खोलीतल्यासारखाच लावावा. वर्षानुवर्षे डावीकडून उतरणारा माणूस अर्धवट झोपेत डावीकडेच पाय टाकतो. तिथे भिंत आली की धडपडतो. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवाच. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र अंगावरच राहू द्यावे. पिशवीत गेले की हरवतात, आणि ऐकू न येणाऱ्यावर ‘भ्रमिष्ट’ असा शिक्का बसतो (हे आमच्या क्षेत्रात फार सर्रास चालते).

ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांना पहिल्यापासून सांगावे, नवी खोली आधी दाखवावी. स्मृतिभ्रंश बळावलेल्यांना महिनाभर आधीपासून सांगत राहिले, तर दरवेळी नव्याने धास्ती बसते. त्यांना त्याच सकाळी, साध्या शब्दांत सांगितलेले बरे. ओळखीची आया पहिले दोन-तीन दिवस सोबत असली, तर निम्मे काम होते.

पोचल्यावर कोणी अचानक गोंधळले, जेवेनासे झाले, तर ‘जागा बदलली, होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नये. लघवी तुंबली आहे का, पोट साफ होते का, संसर्ग किंवा चुकलेला डोस आहे का, हे आधी पाहावे. वजन पहिल्याच दिवशी घ्यावे आणि पुढे महिनाभर दर आठवड्याला, कारण कपडे सैल दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

– वृद्धसेवेतील काही परिचारिका