न सांगता पंखा बंद करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तुमच्या ओपीडीतली रांग मी बघितलीय, त्यामुळे आम्ही लक्षात असू असं नाही. लालबागच्या काकी, वय ६८, डाव्या बरगडीवर नागीण होऊन गेलेली. मे महिन्यात मुलाबरोबर आल्या होत्या. तो मुलगा मी.

आईची नागीण महिन्याभरात सुकली. आग मात्र राहिली, आठ महिने. ब्लाउज घालवेना, पदर टेकवेना, भर उन्हाळ्यात पंखा लावू देईना. चाळीतल्या एका खोलीत आम्ही चौघं घामाने निथळत बसायचो. खोटं कशाला सांगू, एकदा मीही ओरडलो तिच्यावर.

आधीच्या डॉक्टरांची नावं घेत नाही. एकांनी एमआरआय उजेडात धरला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "यात काही नाही, वय झालं की दुखायचंच." दुसऱ्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, सासू-सुनेचं पटतं ना? तिसऱ्यांच्या पेनकिलरने आग तशीच राहिली, वर ॲसिडिटी मिळाली. आम्हीही काही शहाणे नव्हतो म्हणा. फोड दिसल्यापासून पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू व्हायला हवं, हे तुमच्याकडून कळलं. ते तीन दिवस आम्ही गेरू फासत होतो, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळू नये म्हणून.

आई तुमच्यासमोर बसली तेव्हा तिने पदर चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवला होता. तुम्ही ते पाहिलंत, उठलात आणि पंखा बंद केलात. आम्ही अजून तोंडही उघडलं नव्हतं. मग म्हणालात, "वारासुद्धा झोंबतो ना, काकी?"

आठ महिन्यांत न रडलेली बाई तिथे हमसून रडली. तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत. कपाळावर घाम आला तरी शेवटपर्यंत पंखा लावला नाहीत.

कातडी भरून आली तरी आतली नस बिघडलेलीच राहते, साध्या स्पर्शाचीही मेंदूला आग म्हणूनच खबर देते, हे तुम्ही केसपेपरच्या मागे रेघा ओढून समजावलंत. माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा, असं वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या जागतिक संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना नमूद केलंय, हेही सांगितलंत. मला नवल वाटलं, हे लिहून ठेवावं लागतं?

प्रेगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाने सुरुवातीला चक्कर यायची, मग डोस बसला. त्याचं जास्त लिहीत नाही. आग पूर्ण गेली नाही, पण ब्लाउज घालते, शेजारी हळदीकुंकवाला जाऊन आली. लोकलमध्ये काही माणसं न मागता सरकून चौथी सीट देतात ना, कोण कुठला न विचारता? मला तुमची आठवण तिथे येते. असे लोक प्रत्येक डब्यात दोन-चार निघतात, म्हणून तर ही मुंबई सहन होते.

परवा रात्री आईने पंखा एकवर लावायला सांगितला. बायकोने दोनवर नेला, आई काही बोलली नाही.

गुरुवारी दाखवायला येतोय. तिने नारळाच्या वड्या केल्यात. रांगेत उभी राहून स्वतःच देणार म्हणते, तेव्हा नको म्हणू नका.

तुमचा,
लालबागच्या काकींचा मुलगा