पश्मी म्हणजे कारवानीचे दुसरे स्पेलिंग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात अलीकडे देशी कुत्र्यांवर दोन मजकूर आले. एकात ‘कॅरॅव्हन हाउंड’ असा उल्लेख होता, तर दुसऱ्यात ‘करवानी’, ‘मुधोळ हाऊंड’ आणि ‘पश्मी’ असे तीन. वाचणाऱ्याला या चार जाती वाटल्या असतील. कुत्रा एकच आहे: लांब निमुळत्या तोंडाचा, पोट आत ओढलेला, आपल्या दख्खनचा शिकारी कुत्रा.

मूळ शब्द फारसी, ‘कारवान’. अर्थ तांडा. त्यावरून कारवानी, म्हणजे तांड्याबरोबरचा. इंग्रजीतला ‘कॅरॅव्हन’ही याच फारसी शब्दावरून आलेला आहे. मग तो इंग्रजी वेश चढवून परत आणायचा कशाला? ‘कारवानी’ आपल्या गावांतून बोलला जाणारा शब्द आहे, तोच छापावा. आणि पहिल्या अक्षराचा काना गाळू नये. ‘करवानी’ लिहिले की त्यातला तांडा दिसेनासा होतो.

मुधोळ हे गावाचे नाव, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली, तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ रूढ झाले. २००५ च्या टपाल तिकिटावरही हेच नाव आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र ‘कॅरॅव्हन हाउंड’ म्हणून नोंद करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. म्हणून ही दोन्ही नावे कागदोपत्री राहणारच. बातमीत पहिल्यांदा दोन्ही एकत्र दिली तर घोटाळा टळेल.

‘पश्मी’चे तसे नाही, आणि मला खरे तर याचसाठी लिहावेसे वाटले. फारसीत ‘पश्म’ म्हणजे लोकर. पश्मिना त्यातूनच आला. याच जातीत कानांवर आणि शेपटीवर लांब मऊ केस असलेल्या कुत्र्याला पश्मी म्हणतात, आखूड गुळगुळीत केसांच्या कुत्र्याला कारवानी. आमच्या घरी पश्मी कुत्री आहे. तिच्या लसीच्या कार्डावर ‘कारवानी’ लिहून वर ‘पश्मी हे दुसरे स्पेलिंग’ असे मला समजावण्यात आले. कार्ड लिहिणाऱ्याने हे कुठेतरी छापलेलेच वाचले असणार. आपल्या पुढच्या मजकुरात हा केसांचा फरक एका वाक्यात तरी यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक