डिस्चार्जनंतर जखम कोण पाहणार?

स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर चालते करून लवकर घरी पाठवण्याच्या पद्धतीवरील आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. पद्धत चांगलीच आहे. शस्त्रक्रियेच्या २ तास आधीपर्यंत पाणी, दुसऱ्याच दिवशी चालणे, नळ्या वेळेत काढणे, याने माणूस लवकर सावरतो. पण लेखात गावाकडचा रुग्ण कुठेच नाही.

या शस्त्रक्रियेत जंतुसंसर्ग ही किरकोळ बाब नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या चाचणीत नेहमीचे प्रतिजैविक दिलेल्या सुमारे ३३ टक्के रुग्णांना ३० दिवसांत शस्त्रक्रियेच्या जागी संसर्ग झाला. अधिक व्यापक प्रतिजैविक दिल्यावरही ते प्रमाण २० टक्के राहिले. काविळीसाठी आधी पित्तनळीत स्टेंट (पित्त वाहते ठेवणारी बारीक नळी) टाकलेल्यांना धोका जास्त. आणि आपल्याकडे तर कावीळ उतरवून घेण्यातच कित्येक दिवस गेलेले असतात.

नागपूरहून एटापल्ली किंवा झरी-जामणीच्या खेड्यात परतलेल्या माणसाची जखम कोण पाहणार? डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. ताप आला की मेडिकलमधून गोळी आणतात, पट्टी ओली झाली की वरून जुन्या लुगड्याचा तुकडा बांधतात. बाळंतिणीच्या घरी आशाताई ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देतात. तशाच भेटी, योग्य प्रशिक्षण आणि मोबदला देऊन, या रुग्णांसाठीही ३० दिवस ठरवाव्यात. धोक्याची लक्षणे मराठीत लिहून द्यावीत आणि डिस्चार्जच्या दिवशीच रुग्णालयाने प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून रुग्ण सोपवावा.

– एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)